कोपऱ्यातल्या खोलीचे दोन दावेदार

४ फेब्रुवारी

दादा,

पायावर डोकं ठेवते असं लिहिलं तर तू लगेच विचारशील, "का, कंबर बरी झाली वाटतं?" म्हणून नमस्कार लांबूनच.

तुझी इमारत एप्रिलअखेर पाडणार, हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. कळलं तुझ्या खालच्या मजल्यावरच्या दातबाईंकडून. बिचारी स्वतःच्या दवाखान्याला जागा शोधतेय, तरी आठवणीने तिने मला फोन केला. आणि तू मागच्या पत्रात चार पानं कशावर लिहिलीस? नगरवाचनालयाच्या घटनेतल्या सातव्या कलमावर!

तर आता मुद्द्याचं. आमच्या चष्म्याच्या दुकानामागे कोपऱ्यातली खोली आहे. उजेड भरपूर. सध्या यांचं काचा घासायचं यंत्र तिथे आहे, पण खोली ती खोलीच. तू इथे येऊन राहावंस असं माझ्या मनात आहे. यांना विचारलं. हे काही म्हणाले नाहीत. हे कधीच काही म्हणत नाहीत, ते तुला आमच्या लग्नापासून ठाऊक आहे.

दुसरी बातमी हसण्यासारखी. मला सुडोकूचा नाद लागलाय.

झालं असं, की एक बस-ड्रायव्हर जवळचा चष्मा करून घ्यायला आला. मी वाचायचं कार्ड पुढे केलं, तर म्हणतो, "बाई, दरवर्षी तेच वाक्य. मला पाठ आहे, डोळे मिटूनही वाचीन." मग त्याने खिशातून कात्रण काढलं. "यातले आकडे दिसले की तुमचा नंबर बरोबर." काचा तयार होईपर्यंत त्याने मला खेळ शिकवला. आता मी रोज एक सोडवते, आणि आमचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, त्यावर टाकते.

समजावून सांगते, नीट वाच. मोठ्या चौकोनात नऊ छोटे चौकोन. त्यांना आमच्या ग्रुपवर घरं म्हणतात. प्रत्येक घरात नऊ खोल्या. एक ते नऊ हे आकडे म्हणजे राहणारी माणसं. एका घरात प्रत्येक जण एकदाच, आडव्या ओळीत एकदाच, उभ्या ओळीत एकदाच. काही जण आधीपासून बसलेले असतात, उरलेल्यांच्या खोल्या आपण शोधायच्या. उत्तर एकच निघायला हवं. दोन निघाली तर ते कोडंच नव्हे, करणाऱ्याची चूक. आणि एखाद्या घरातल्या नऊही खोल्या भरल्या, की आम्ही ग्रुपवर लिहितो, "घर सोडवलं!"

बघ, सोपं आहे की नाही?

तुझी,
ठकी

१२ फेब्रुवारी

ठके,

आशीर्वाद. आणि त्यानंतर लगेच निषेध.

पत्राचं दुसरं पान, ते आकड्यांचं, मी पालथं घालून ठेवलं आहे. वाचलं नाही, वाचणार नाही. ज्याचं उत्तर उद्याच्या अंकात उलटं छापून येतं तो प्रश्न नव्हे, ती कवायत आहे! प्रश्न म्हणजे ज्याच्यापुढे सत्ता गडबडते, विद्वान खाकरतात आणि अध्यक्ष घड्याळ बघतात. माणसाने चौकोनात डोकं घालून बसावं आणि चौकोनाबाहेर कोण काय लुटून नेतंय ते बघू नये, यासाठीच ही खेळणी वर्तमानपत्रात येतात. तू माझी बहीण. पहिलीत असताना गुरुजींना "शून्याच्या आधी काय?" म्हणून विचारलंस, आणि ते रजेवर गेले. तू आकडे भरत बसावंस?

असो. घसा बसला. लिहितानाही माझा घसा बसतो.

इमारतीचं खरं आहे. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू हेच पत्र पाठवलं असतंस.

"हे काही म्हणाले नाहीत" हे वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. सभेत ठराव मांडल्यावर कोणी काही म्हणालं नाही, तर आम्ही "एकमताने मंजूर" असं लिहून मोकळे व्हायचो. पण व्यासपीठावरून मला दिसायचं ना! त्यातले निम्मे झोपलेले असत आणि निम्मे विरोधात. मेहुणे यातले कोणते? ज्या माणसाचं यंत्र त्या खोलीत आहे, त्याचं मत मला कळलं पाहिजे. कोणाला उठवून मी बसणार नाही. बसमध्येसुद्धा बसलो नाही कधी.

फोन करू नकोस. हल्ली फोनवर सगळे पुटपुटतात.

दादा

१९ फेब्रुवारी

दादा,

हल्ली सगळे पुटपुटतात, की तुला ऐकू येत नाही? जाऊ दे. चिडशील.

यांना पुन्हा विचारलं. म्हटलं, "दादा विचारतोय, तुमचं मत काय?" यांनी काच उजेडात धरली, पुसली, परत धरली. म्हणाले, "दादा?" मी म्हटलं, "हो, दादा." म्हणाले, "हं." आता या "हं"चा अर्थ तू व्यासपीठावरून लाव.

मी तुला ओढत नाही. यायचं की नाही, ते तुझं तू ठरव. तुझ्या मानाला धक्का लागेल असं मी काही करणार नाही.

एक सांगायचं राहिलं. मी स्वतः कोडं तयार करतेय! सोडवणं वेगळं नि बनवणं वेगळं, चष्मा घालणं नि चष्मा करणं यात फरक आहे तसा. दातबाईंना ग्रुपचा पत्ता पाठवलाय. त्यांच्या फोनवर बघ कधी सवड झाली तर. बहिणीचं कौतुक केलंस म्हणून आकाश कोसळणार नाही.

ठकी

२८ फेब्रुवारी

ठके,

आकाश कोसळलं.

काल दातबाईंनी आपला फोन माझ्या नाकापुढे धरला. वर तुझं नाव, तुझा फोटो, तोच जांभळ्या काड्यांचा चष्मा. खाली तुझे शब्द, जसेच्या तसे उतरवतो:

"हुश्श! सकाळी सकाळी घर सोडलं. आता कोपऱ्यातली खोली तेवढी राहिली. तिच्यावर दोघांचा दावा आहे. एक आत शिरला की दुसरा बाहेर. सांगा, कोणाला बाहेर काढू?"

ठके! ठके! इतक्या वर्षांचा संसार, आणि तू हुश्श म्हणतेस?

आणि ते जगाला विचारतेस? त्रेचाळीस माणसांनी तुला अंगठा दाखवला आहे! आपल्या वेळी एकाने अंगठा दाखवला तरी माणूस देशोधडीला लागायचा. आणि त्यांचे शेरे वाचून माझं डोकंच चालेना. एक बाई लिहिते, "अभिनंदन, मला तीन दिवस लागले." दुसरी लिहिते, "मी तर चहा उकळायच्या आत." घर? चहा उकळायच्या आत? एक महाभाग सल्ला देतो, "पेन्सिलीने करा ताई, चुकलं तर खोडता येतं." आणि शेवटी कुणीतरी निर्दयपणे लिहिलं आहे, "सातला आत घ्या, चारला बाहेर काढा." म्हणजे मला संध्याकाळी सातला घरात घ्यायचं आणि पहाटे चारला हाकलायचं? हा कुठला न्याय? धर्मशाळासुद्धा उजाडेपर्यंत थांबू देते.

मी दातबाईंना म्हटलं, हा काय प्रकार आहे? त्या माझ्या कानात ओरडल्या, "घोडं आहे, घोडं!" मी म्हटलं, घोडं आहेच, पण ते कुठे अडलंय ते सांगा. त्या हसत सुटल्या. दुसऱ्याचं घर मोडत असताना हसणाऱ्या बाईकडून मी दात काढून घेतले, याची मला लाज वाटते.

मला सगळं समजलं. दोघांचा दावा, म्हणजे मी आणि मेहुणे. त्यांच्या "हं"चा अर्थही लागला. माझ्यापायी तू घराबाहेर पडलीस. कुठे आहेस? कोणाकडे? हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर टाकतो आहे, मेहुण्यांच्या हाती पडलं तर त्यांनीही वाचावं: मी येणार नाही. परत जा. मी कुठेही राहीन, पण माझ्या बहिणीच्या मोडलेल्या घरात राहणार नाही.

दादा

६ मार्च

अरे माझ्या कर्मा! दादा!

मी घरीच आहे. दुकानात, काउंटरमागे, त्याच स्टुलावर. कुठेही गेलेली नाही. गेल्या आठवड्यात फक्त भाजी आणायला गेले होते.

कोडं, दादा. घोडं नव्हे, कोडं! सुडोकूचं! मी लिहिणार होते "घर सोडवलं." फोनवर अंगठ्याने लिहिताना "व" पडला. एक "व" पडला आणि तू माझा संसार मोडलास! घर म्हणजे नऊ खोल्यांचा चौकोन. कोपऱ्यातली खोली म्हणजे खालच्या डाव्या घरातली कोपऱ्यातली खोली. ग्रुपवर टाकलेलं माझंच कोडं मी पुन्हा सोडवून बघत होते, आणि तिथे चार येतो की सात येतो, ते मला ठरवता येत नव्हतं. म्हणून ग्रुपला विचारलं. सातला आत घ्या, म्हणजे सात या आकड्याला. तो अंगठा म्हणजे शाबासकी. हे सगळं मी पहिल्याच पत्रात दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, जे तू पालथं घालून ठेवलंस. कर आता उलथं.

हसून हसून पोट दुखलं, आणि मग राग आला. तुझी बहीण घर सोडून जाईल, ते जगाला सांगेल, आणि तुला सांगणार नाही, असं तुला वाटलंच कसं?

पत्र यांनीही वाचलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून यांनीच फोडलं. चष्मा बदलून दोनदा वाचलं, घडी घातली आणि मागे निघून गेले. तेव्हापासून रोज दुकान बंद केल्यावर मागे ठोकाठोक चालते. विचारलं, तर "हं."

सोबत माझं कोडं कागदावर उतरवून पाठवतेय, ग्रुपवर टाकलं तस्संच. विश्वास नसेल तर स्वतः सोडव. पेन्सिलीने.

ठकी

२५ मार्च

ठके,

उत्तराला उशीर झाला, कारण शिकत होतो.

दुसरं पान उलथं केलं. दातबाईंकडून त्यांच्या रुग्णांसाठी ठेवलेलं कोड्यांचं पुस्तक आणलं. पहिल्या दिवशी एका घरात दोन पाच बसवले आणि ते एकमेकांकडे बघत बसले. मग हळूहळू उमगलं. आणि उमगलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, ठके! प्रत्येक ओळीत प्रत्येकाला जागा. कोणी दोनदा बसायचं नाही, कोणी उभं राहायचं नाही. नवाला एकापेक्षा मोठी खोली नाही. अरे, हेच तर मी आयुष्यभर ओरडत होतो, आणि हे लोक ते वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात गुपचूप छापत होते! मी निषेध मागे घेतो. सभावृत्तांतात तशी नोंद करावी.

मग तुझं कोडं घेतलं. सगळं भरत गेलं. शेवटी चार खोल्या उरल्या: खालच्या डाव्या घरातल्या दोन आणि शेजारच्या घरातल्या दोन, समोरासमोर. चारही खोल्यांत चार तरी नाही तर सात तरी. कोपऱ्यात सात घातला, सगळं बरोबर आलं. खोडलं. कोपऱ्यात चार घातला, तरीही सगळं बरोबर आलं. दातबाईंना दाखवलं, त्यांचंही तेच.

आता मला सांग. तूच लिहिलं आहेस, उत्तर एकच निघायला हवं, दोन निघाली तर ते कोडंच नव्हे. याची दोन निघतात. म्हणजे हे कोडं नव्हे. मग काय आहे? तू प्रेमळ आहेस. मला वाईट वाटू नये म्हणून "व" पडल्याची गोष्ट रचलीस, कागदावर आकडे मांडून पाठवलेस, पण खोटं नीट जुळवता येत नाही तुला, लहानपणापासून. कोपऱ्यातल्या खोलीवर दोघांचा दावा आहे, हेच खरं. आणि मागची ठोकाठोक? माझ्यापुढे दार लावून घ्यायला मेहुणे त्याला कडी-कोयंडा ठोकताहेत, दुसरं काय?

माझं डोकं गरगरतं आहे. कशावर विश्वास ठेवू? तुझ्यावर, तर आकडे विरोधात जातात. आकड्यांवर, तर तू.

एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. गेल्या वर्षी वाचनालयाच्या सभेत माझं भाषण झालं. मग समोरच्या एका मुलीने काहीतरी विचारलं. मला वाटलं, ती विचारतेय बायकांना कार्यकारिणीत जागा का नाहीत. मी पेटलो. टेबलावर मुठी आपटून बोललो. ती विचारत होती, पंखा लावू का. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ठके. मला त्या दिसल्या, ऐकू आल्या नाहीत. त्यानंतर मी व्यासपीठावर चढलो नाही.

तुझ्या घरात एक माणूस बोलत नाही. दुसऱ्याला ऐकू येत नाही. मध्ये तू. ते घर कसलं? म्हणून मी वृद्धाश्रमात खाट बघून आलो. भिंती पिवळ्या आहेत, माणसं सभ्य आहेत. एप्रिलच्या दहा तारखेपर्यंत होकार कळवायचा आहे. मेहुण्यांच्या तोंडून एक शब्द आला असता, तर मी वेगळा विचार केला असता. पण तो आलेला नाही, आणि न आलेला शब्द मी आता "एकमताने मंजूर" म्हणून लिहिणार नाही.

दादा

३१ मार्च

दादा,

तुझं बरोबर आहे. उत्तरं खरंच दोन निघतात.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी ग्रुपवर बस-ड्रायव्हरनेही लिहिलं, "बाई, तुमच्या कोपऱ्याला दोन दारं आहेत." मी माझा मूळ कागद काढला. मूळ कागदावर त्या कोपऱ्यात सात आधीच बसलेला आहे! तो द्यायचा आकडा होता. टाकताना "व" पडला, तसा सातही पडला. वर मीच विचारते, कोणाला बाहेर काढू! आणि तुला पाठवताना मी ग्रुपवरूनच उतरवून घेतलं. म्हणजे तू खोटारडी म्हणालास ती मी नाही, वेंधळी म्हण. तो मान माझा.

पण सात कोपऱ्यात बसल्यावर बघ काय होतं. मी काल पाटीवर मांडून बघितलं. चार हाकलला जात नाही, दादा. त्याच ओळीत, शेजारच्या घरात, त्याची खोली तयारच असते. एक आत शिरला की दुसरा बाहेर, असं मी लिहिलं, ते अर्धवट होतं. बाहेर म्हणजे शेजारी.

आणि मला हेही कळलं, की मी तुलाही तसंच अर्धवट कोडं पाठवलं. "तुझं तू ठरव" म्हणाले. ये म्हटलं तरी चालेल, नको म्हटलं तरी चालेल, अशी दोन उत्तरं ठेवली, आणि मला वाटलं, याला मान देणं म्हणतात. मला एकच उत्तर हवं होतं. ते आधी द्यायला हवं होतं. घे: मला तू इथे हवास.

आता ठोकाठोक. कडी-कोयंडा नाही, वेड्या! यांनी यंत्र दुकानात पुढे आणलंय, काचेच्या खिडकीशी. त्याच्या बुडाशी लाकडी फळ्या ठोकल्या, यंत्र हलू नये म्हणून. रस्त्यावरची माणसं थांबून बघतात, मुलं नाक काचेला लावतात. हे खूश आहेत, म्हणजे "हं" जरा लांब झालाय.

आणि दुसरी गंमत. गेले पंधरा दिवस यांना काहीतरी झालंय. गिऱ्हाईक समोर असलं की एकदम ओरडतात, "डावा डोळा झाका! खालची ओळ वाचा!" काल एक म्हातारी दचकून खुर्चीतून उठली. म्हणाली, "माझे डोळे गेलेत रे बाबा, कान नाहीत." मी विचारलं, "अहो, हे काय चालवलंय?" तर काही नाही. आज तुझं पत्र वाचलं आणि म्हणाले, "कागद दे." मी दिला. खाली बघ. लग्नानंतर यांनी लिहिलेलं एवढं मोठं मी पहिल्यांदाच बघतेय.

ठकी

दादा, खोली तुमची. यंत्र पुढे नेलं, उजेड तिथे जास्त आहे, आधीच न्यायला हवं होतं. मोठ्याने बोलायचा सराव करतो आहे. अजून जमत नाही. या.

९ एप्रिल

ठके, आणि मेहुणे,

वृद्धाश्रमाला नकार कळवला. पुस्तकं वाचनालयाला दिली, एक पेटी ठेवली. दातबाई स्टेशनवर सोडायला येणार आहेत. त्यांनाही जागा मिळाली, पेठेच्या टोकाला. मी त्यांची माफी मागितली. त्या काहीतरी म्हणाल्या, बहुतेक चांगलंच असावं.

मेहुणे, सराव सोडू नका. आवाज पोटातून काढायचा, गळ्यातून नाही. बाकी मी समोर बसून शिकवीन. मला ऐकू येईल की नाही ते ठाऊक नाही, पण ओठ बघून तुमच्या "हं"चे प्रकार मी ओळखू शकेन, असं वाटतं.

हे पत्र आणि मी, यातलं आधी कोण पोचेल ते सांगता येत नाही. म्हणून दातबाईंच्या फोनवरून तुझ्या ग्रुपवर, त्या दुरुस्त केलेल्या कोड्याखाली, मी स्वतःच्या अंगठ्याने एक ओळ लिहिली आहे. तू वाचशीलच, तरी इथे उतरवतो:

"कोपऱ्यात सात. घर सोडलं. यात 'व' पडलेला नाही."

दादा